संकल्पाचे व्याकरण : खेळाडूचे वैयक्तिक उद्दिष्ट आणि मराठी वाक्यरचना

खेळाडूने स्वतःपुढे कोणते उद्दिष्ट ठेवावे व ते कसे ठेवावे, हा प्रश्न सामान्यतः क्रीडामानसशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, कोणतेही उद्दिष्ट मैदानावर उतरण्यापूर्वी वाक्याच्या रूपाने अस्तित्वात येते. खेळाडू ते मनाशी म्हणतो, वहीत लिहितो किंवा शिक्षकांना सांगतो. वाक्य म्हटले की त्याला कर्ता आला, क्रियापद आले, काळ आला आणि आपले व्याकरणकार ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो स्वार्थ, आज्ञार्थ वा विध्यर्थही आला. या घटकांची मांडणी कशी झाली आहे, यावरून ते उद्दिष्ट खेळाडूच्या हाती कितपत आहे हे बरेचसे ओळखता येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाचे महत्त्व वऱ्हाडच्या वाचकास निराळे सांगावयास नको. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची व देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. इतकी जुनी परंपरा ज्या भूमीत आहे, तेथे खेळाची हौस उपजतच असावयाची. परंतु आपल्या महाविद्यालयांतून दिसणारे एक चित्र चिंता वाटावी असे आहे. अंगी गुण असलेला मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षे मन लावून खेळते, आणि मग ‘नंबर आला नाही’ एवढेच म्हणून मैदान सोडून देते. त्या काळात तिची धाव सुधारलेली असते, दम वाढलेला असतो. पण ज्या वाक्याने तिने स्वतःस मोजले त्या वाक्यात या सुधारणेस जागाच नसते. वाक्य चुकीचे निवडले गेल्यामुळे खेळाडू खेळास मुकतो, हे नुकसान लहान म्हणता येणार नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. उद्दिष्टाच्या कल्पनेसाठी मराठीत अनेक शब्द रूढ आहेत. ‘ध्येय’ म्हणजे ज्याचे ध्यान करावयाचे ते. ‘लक्ष्य’ म्हणजे ज्यावर दृष्टी ठेवावयाची ते. ‘उद्दिष्ट’ म्हणजे ज्याकडे निर्देश केला ते. तिन्ही तत्सम आहेत, आणि तिन्हींत पाहणारा अलीकडे व पाहावयाची वस्तू पलीकडे असे अंतर गृहीत आहे. बोलीत मात्र आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘नेम’. बंदुकीचा वा गोफणीचा नेम धरतात, तो चुकतो किंवा लागतो. येथे नेम म्हणजे रोख. पण ‘नेमधर्म’, ‘नेमाने फिरावयास जाणे’, ‘एकादशीचा नेम’ या प्रयोगांत नेम म्हणजे नियम, न चुकता पाळावयाचे आचरण. एकाच शब्दरूपात दूरचे लक्ष्य आणि रोजचे आचरण हे दोन्ही अर्थ नांदतात. खेळाडूच्या उद्दिष्टाविषयी आधुनिक संशोधनाने जे सांगितले, त्याचा मोठा भाग या दोन अर्थांच्या परस्परसंबंधाविषयीच आहे.

त्या संशोधनाचा आरंभ क्रीडांगणावर झालेला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ साली एका निबंधात असे मांडले की, नेमके आणि कठीण उद्दिष्ट ठेवणाऱ्यांचे काम, ‘जमेल तितके करा’ असे सांगितलेल्यांच्या कामापेक्षा सरस होते. गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. लाकडाचे ओंडके वाहणारे मालमोटारींचे चालक कायद्याने मुभा असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच माल भरीत. त्यांच्यापुढे ९४ टक्क्यांचे स्पष्ट उद्दिष्ट ठेवल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचले. पुढे १९८१ साली व्यवस्थापनशास्त्राच्या एका नियतकालिकात जॉर्ज डोरन यांनी उद्दिष्टाची पाच लक्षणे एका आद्याक्षरी शब्दात गुंफली, आणि ‘स्मार्ट’ हे सूत्र कार्यालयांतून सर्वत्र पसरले. १९८५ साली लॉक व लेथम यांनी आपला सिद्धान्त खेळास लावून दाखविला.

मात्र मालमोटारीपासून मैदानापर्यंत येताना एक महत्त्वाचा फरक पडतो. ओंडके भरणाऱ्या चालकास प्रतिस्पर्धी नव्हता. आपण ९४ टक्के भरावेत म्हणून दुसऱ्या कोणी कमी भरावेत, अशी त्याची गरज नव्हती. खेळात बहुधा तशी गरज असते. म्हणूनच क्रीडामानसशास्त्रात उद्दिष्टांचे तीन प्रकार पाडले जातात. पहिले फलविषयक : क्रमांक, पदक, निवड. दुसरे कामगिरीविषयक : स्वतःची वेळ, अंतर, गुण, मागील आकड्याशी ताडून पाहिलेले. तिसरे प्रक्रियाविषयक : प्रत्यक्ष करावयाची कृती, जसे श्वासाची लय, पायाची ठेवण, सरावाचे दिवस. हे वर्गीकरण इंग्रजी ग्रंथांतून आलेले असले, तरी मराठी क्रियापदांच्या वर्तनात ते आधीपासूनच उमटलेले दिसते.

फलाची भाषा पाहा. मराठीत नंबर ‘येतो’, पदक ‘मिळते’, निवड ‘होते’, नाव यादीत ‘लागते’. ‘माझा पहिला नंबर आला’ या वाक्याचा कर्ता नंबर आहे. खेळाडू ‘माझा’ या षष्ठीपुरता उरतो. ‘मला पदक मिळाले’ या वाक्यातही कर्तृपद पदकाकडे असून खेळाडू ‘मला’ या चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी उभा आहे. इच्छा व्यक्त करणाऱ्या ‘मला जिंकायचे आहे’ या रचनेतही तो प्रथमेत येत नाही. याउलट कृतीची भाषा पाहा. जोर ‘मारतात’, बैठका ‘काढतात’, दम ‘धरतात’, चेंडू ‘अडवितात’. ‘मी शंभर बैठका काढीन’ येथे ‘मी’ निखळ कर्ता आहे, क्रियापद त्याच्याच पुरुष-वचनाप्रमाणे चालते, आणि ते वाक्य खरे ठरविण्यास जगातील दुसऱ्या कोणाचीही अनुमती लागत नाही. तालमीतील जुनी गणती ही या दृष्टीने प्रक्रियाविषयक उद्दिष्टाचीच भाषा होय.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘जिंकणे’ हे क्रियापद तर सकर्मक आहे आणि ‘मी कुस्ती जिंकीन’ या वाक्यात ‘मी’ प्रथमेतच आहे, मग या कसोटीचे काय? आक्षेप योग्य आहे. व्याकरणातील कर्तृत्व आणि व्यवहारातील कर्तृत्व नेहमी एकरूप असतातच असे नाही. ‘जिंकणे’ या क्रियापदाच्या अर्थात समोरच्याचे हरणे समाविष्ट असते. वाक्यात तो दिसत नसला तरी त्याच्यावाचून वाक्य खरे होत नाही. यास्तव कसोटी दुहेरी ठेवावी : वाक्याचा कर्ता मी आहे काय, आणि माझ्याखेरीज आणखी कोणी काही केल्याशिवाय हे वाक्य खरे होऊ शकते काय? दोन्हींचे उत्तर अनुकूल असेल, तेच वाक्य रोजच्या उद्दिष्टास योग्य.

निवडीची उदाहरणे आपल्या दोन शहरांतूनच घेता येतील. विदर्भाने २०१७-१८ च्या हंगामात रणजी करंडक प्रथमच जिंकला. इंदूर येथे दिल्लीविरुद्ध झालेल्या त्या अंतिम सामन्यात अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे याने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पदार्पण थेट अंतिम सामन्यात व्हावे, असे कोणत्याही गोलंदाजास ठरविता आले नसते. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा याचा भारतीय संघात समावेश जानेवारी २०२३ मध्ये झाला. प्रत्यक्ष आंतरराष्ट्रीय सामना खेळावयास मिळाला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत. एकाची संधी अवचित आली, दुसऱ्यास निवडीनंतरही नऊ महिने थांबावे लागले. निवडीचा दिवस ज्यांच्या हाती असतो ते निवडसमितीचे सदस्य होत. त्या दिवसासाठी सज्ज असणे एवढेच खेळाडूच्या हाती असते.

कामगिरीविषयक उद्दिष्टाचे सामर्थ्य दाखविणारे मराठी मुलुखातील उत्तम उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत गोपाल सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. साबळेने २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद करून तो मोडला. त्यानंतर त्याने स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मागे टाकला : २०१९ मध्ये दोहा येथे ८:२१.३७, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंदांची ही प्रगती लहान लहान पायऱ्यांनी झालेली आहे.

या मालिकेतील टोकियोची शर्यत विशेष विचार करण्याजोगी आहे. त्या दिवशी साबळे आपल्या प्राथमिक फेरीत सातवा आला आणि अंतिम फेरीस मुकला. त्याच धावेत त्याने स्वतःचा राष्ट्रीय विक्रम दोन सेकंदांहून अधिक फरकाने सुधारला होता. म्हणजे एकाच धावेविषयी दोन वाक्ये सारखीच सत्य होती : ‘नंबर आला नाही’ आणि ‘मी आजवर कधी धावलो नव्हतो इतक्या वेगाने धावलो’. ज्याच्या वहीत केवळ पहिले वाक्य असेल, त्याच्या लेखी तो दिवस वाया गेला. दुसरे वाक्य ज्याच्यापाशी असेल, त्यास पुढच्या सरावाची दिशाही मिळते. बर्मिंगहॅम येथे साबळेस रौप्यपदक मिळाले आणि सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला.

कामगिरीच्या आकड्यासही मर्यादा आहे, हे धनुर्विद्येच्या उदाहरणावरून लक्षात येते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात विजेता ठरला. अंतिम लढतीत पंधरा बाण मारावयाचे असतात व प्रत्येकास अधिकात अधिक दहा गुण असतात. ओजसने १५० पैकी १५० गुण मिळविले. प्रतिस्पर्ध्यास १४९ मिळाले. येथे आकड्याची शिडी संपते. १५१ नावाचे उद्दिष्ट नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या बाणास धनुर्धर अडवू शकत नाही. अशा खेळात उरते ते पुढील एका बाणाचे काम : पवित्रा, श्वास, दोरीचा ताण, सोडण्याचा क्षण. तेच काम पंधरा वेळा करावयाचे असते. ‘नेम’ शब्दाचे दोन्ही अर्थ येथे शब्दशः एकत्र येतात : नेम लागण्यासाठी नेम पाळावा लागतो.

प्रयोगांचे निष्कर्षही याच दिशेने जातात. क्रीडाक्षेत्रातील उद्दिष्टविषयक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली विल्यमसन, स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. कामगिरीवरील परिणामाचे मानकीकृत माप त्यात प्रक्रियाविषयक उद्दिष्टांच्या बाबतीत १.३६, कामगिरीविषयक उद्दिष्टांच्या बाबतीत ०.४४ आणि फलविषयक उद्दिष्टांच्या बाबतीत अवघे ०.०९ आढळले. याच आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसून आली : नेमके आकड्यातील उद्दिष्ट आणि मोकळे उद्दिष्ट यांच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अशा एकत्रित मापांना अंतिम प्रमाण मानू नये, हे खरे; तथापि ‘आकडा घातला की उद्दिष्ट परिणामकारक झाले’ ही कार्यालयीन समजूत मैदानावर जशीच्या तशी लागू पडत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. विशेषतः नवशिक्यास ‘पाहू या आज किती जमते’ हे मोकळे वाक्य अधिक मानवण्याचा संभव आहे, कारण त्यात अपयशाची रेघ आधीच ओढलेली नसते.

मग उद्दिष्टाच्या वाक्यात आकड्याखेरीज आणखी काय असावे? याचे उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या १९९९ मधील निबंधात सापडते. ‘मी हे करीन’ एवढाच निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी अमुक करीन’ असा निश्चय करणाऱ्यांकडून तो अधिक प्रमाणात पार पडतो, असे त्यांनी दाखविले. आपल्या वाचकास ही रचना अपरिचित वाटू नये. धार्मिक विधीच्या आरंभी जो संकल्प सोडतात, त्यात प्रथम काळाचा व स्थळाचा उच्चार असतो, मग कर्त्याचे नाव व गोत्र, मग हेतू, मग करावयाचे कर्म, आणि शेवटी ‘करिष्ये’ हे क्रियापद. ‘करिष्ये’ हे कृ धातूचे भविष्यकाळी, प्रथमपुरुषी, एकवचनी रूप असून ते आत्मनेपदी आहे. म्हणजे क्रियेचे फल कर्त्याकडेच येते असे सूचित करणारे. केव्हा, कोठे, कोण, कशासाठी आणि काय, या पाचांची नोंद झाल्यावाचून तो संकल्प पुरा होत नाही. विधीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, वाक्यरचनेचा हा नमुना खेळाडूच्या वहीत उपयोगी पडणारा आहे.

आता वऱ्हाडीकडे वळू. समजा, अकोल्याची एखादी धावपटू आपल्या शिक्षकांस म्हणते : ‘सर, मले यंदा युनिव्हर्सिटीत पहिलं याचं हाये.’ प्रमाण मराठीतील ‘मला’ येथे ‘मले’ होतो आणि ‘यायचं’ चे ‘याचं’ होते. रचना मात्र तीच, चतुर्थीची. शिक्षकाने ते वाक्य खोडून काढण्याचे कारण नाही. त्याने एवढेच विचारावे : ‘बरं हाये, मंग त्याच्यासाठी तू काय करून राह्यली?’ या प्रश्नातील क्रियापद अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहावे. प्रमाण मराठी चालू वर्तमानकाळासाठी ‘करते आहे’ असे म्हणते. वऱ्हाडी ‘करून’ या धातुसाधितास ‘राहणे’ या क्रियापदाची भूतकाळी रूपाची जोड देते आणि त्यातून चालू क्रियेचा अर्थ काढते. ‘राहणे’ म्हणजे टिकणे, थांबून असणे. चालू क्रिया व्यक्त करण्याचे काम ज्या बोलीत टिकण्याच्या क्रियापदाकडे आहे, त्या बोलीत हा प्रश्न विचारला की उत्तरही कृतीच्याच भाषेत यावे लागते : ‘सकाळी पाच वाजता उठून राह्यली, मंगळवारी, शुक्रवारी चढावर धावून राह्यली.’ चतुर्थीतील ‘मले’ जाऊन उत्तराच्या वाक्यांचा कर्ता ‘मी’ झाला, हा या संवादाचा लाभ होय.

यावरून वऱ्हाडी बोलणारा खेळाडू स्वभावतःच चिकाटीचा असतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्याकरण मनुष्याचा स्वभाव घडविते असे येथे म्हणावयाचे नाही. बोलीत उपलब्ध असलेले साधन शिक्षकाने ओळखून वापरावे, इतकाच मुद्दा आहे. उद्दिष्टाचा संवाद प्रमाण भाषेच्या कागदी नमुन्यात न होता खेळाडूच्या स्वतःच्या बोलीत झाला, तर त्याला आपल्या वाक्याची जबाबदारी घेणे सोपे जाते. ‘ध्येय’ आणि ‘उद्दिष्ट’ हे शब्द पुष्कळदा दुसऱ्याने लिहून दिलेल्या भाषणातले वाटतात. ‘करून राह्यलो’ हे मात्र त्याचे स्वतःचेच असते.

फलविषयक उद्दिष्ट सर्वथा टाकून द्यावे, असेही नव्हे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी बँटम वजनगटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांची मेहनत निभावण्यास असे दूरचे लक्ष्य समोर असावे लागते. पदकाचे स्वप्नच नसेल तर पहाटे उठण्याचे कारण उरत नाही. प्रश्न आहे तो जागेचा. पदकाचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर असावे, वर्षातून दोनदा वाचावे. कामगिरीचे वाक्य महिन्याच्या पानावर असावे, आणि त्याची तुलना स्वतःच्या मागील आकड्याशी करावी. कृतीचे वाक्य रोजच्या पानावर असावे. त्याचा कर्ता ‘मी’ असावा, त्यात वेळ व स्थळ असावे, आणि रात्री त्यापुढे ‘केले’ किंवा ‘केले नाही’ एवढेच लिहिता यावे. वर्ष संपल्यावर पहिल्या पानावरील वाक्य खरे झाले नाही, तरी उरलेल्या पानांवरून खेळाडू कोठून कोठवर आला हे वाचता येते, आणि खेळ सोडावा की पुढे चालवावा याचा निर्णय एका क्रमांकावर अवलंबून राहत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यात अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय दडलेला आहे. अमरावती व अकोला येथील मैदानांवर, तालमींत आणि महाविद्यालयांच्या व्यायामशाळांत खेळाडू स्वतःच्या उद्दिष्टांविषयी ज्या वाक्यांत बोलतात, ती वाक्ये त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावीत. त्यांतील कर्ता, विभक्ती, काळ आणि अर्थ यांची नोंद करावी. तेच खेळाडू वर्षभराने खेळत आहेत की नाहीत, हे पुन्हा पाहावे. अशी दोन-तीनशे वाक्ये हाती आली तरी प्रस्तुत लेखातील विवेचन कितपत टिकते याची परीक्षा होईल, आणि शारीरिक शिक्षण व भाषाशास्त्र या दोन विभागांस एकत्र बसण्याचे निमित्तही मिळेल.